दोन चाळीस

त्या उन्हाळ्यात मी एकवीस वर्षांची होते
आणि माझं काम एवढंच:
होडीच्या काठावरून शिशाचा ओळंबा सोडायचा,
दोरी सैल पडली की खुणा मोजायच्या,
आकडा ओरडून सांगायचा.
मागे टॉर्स्टेन, पेन्सिल जिभेला लावून, वहीत उतरवायचा.

ग्रोहेल्लाच्या खडकावर तीनदा सोडला ओळंबा.
दोन चाळीस. दोन चाळीस. दोन चाळीस.
त्रिवार सत्य. लिहिलं.
पुढल्या वर्षी नकाशावर तो मुंगीएवढा छापून आला
आणि मी आईला भिंगातून दाखवला:
बघ, माझा आकडा.

आमच्या किनाऱ्याला जमीन वर येते.
बर्फाचं ओझं उतरून हजारो वर्षं झाली
तरी तिची कंबर अजून सरळ व्हायचीय.
वर्षाला आठ मिलिमीटर.
पणजोबांचं होडीघर आता गवतात उभं आहे,
दारात मेंढ्या.
आजोबा म्हणायचे, समुद्र आटतोय.
शाळेतल्या बाई म्हणायच्या, जमीन उठतेय.
दोघंही पुरावा म्हणून
एकाच दगडावरची एकच खूण दाखवायचे.
आई म्हणायची, काही का असेना,
धक्का पुढे सरकवायला फळ्या लागणार,
त्या कोण आणतंय?

एक्केचाळीस वर्षं गेली.
रुनार स्योहोल्मची बोट, पाण्याखाली दोन मीटर पंधरा,
ऑक्टोबरची संध्याकाळ,
हवेचा दाब चढलेला, पाणी उतरलेलं,
जवळ तोच नकाशा, घडीवर चिकटपट्टी लावलेला.

वासा शहरात चौकशी झाली.
हा आकडा तुमचा?
माझा.
बरोबर होता?
हो.
मग काय खडक चुकला?
मागे कोणीतरी हसलं, आणि लगेच खोकलं.

विमा कंपनीचा वकील तसा भला माणूस,
सर्दीने बेजार, गालात खडीसाखरेसारखी गोळी.
म्हणाला, बाई, सत्य सापेक्षच असतं,
शून्य कुठे धरलं यावर सगळं.
मी मान डोलावली.
त्याचं काही चुकत नव्हतं.
समुद्रपाटीचं शून्यसुद्धा कचेरीत ठरतं,
नवं आलं की जुनं फायलीत जातं,
आणि मी उभी आयुष्य त्या कचेरीत काढलेली.

तेव्हा शेवटच्या बाकावरून अल्फहिल्ड बोलली.
तिला कोणी विचारलं नव्हतं.
"त्याचं ताट मी अकरापर्यंत झाकून ठेवलं होतं.
तो आला नाही.
हे कुठल्या शून्यापासून मोजता?"

हे वाक्य नोंदीत नाही.
ती साक्षीदार नव्हती.

मे महिन्यात बर्फ फुटल्यावर मी तिकडे निघाले,
जुना ओळंबा घेऊन, गुडघे सांभाळत.
धक्क्यावर अल्फहिल्ड उभी होती.
येऊ का, असं न विचारताच वल्ही घेऊन बसली.

तीनदा सोडला.
दोन सात. दोन पाच. दोन नऊ.
लाट होती, माझे हातही पूर्वीचे राहिले नाहीत.
"यातला कुठला लिहू?" वही तिच्या मांडीवर.
तिन्ही लिही, मी म्हणाले. आणि तारीख. तारीख ठळक.

मग आम्ही दोघी काठावरून वाकलो.
होडी कलली.
खाली खडकाच्या पाठीवर लाल रंगाचा ओरखडा,
हातभर लांब, शेवाळ अजून न चढलेला.
त्याबद्दल आमच्यात काही दुमत झालं नाही.

परतताना वारा तोंडावर होता.
संध्याकाळी घरी वही उघडली तर
तीन आकड्यांखाली तिने
आणखी एक तारीख लिहून ठेवली होती,
ऑक्टोबरातली,
आणि तिच्यासमोर आकड्याची जागा
कोरी.